तारीख जरा पुढे ढकलू या का?

ह्या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. कोड नाही, ऑफिस नाही, ट्रॅफिकही नाही (म्हणजे थोडा येईलच, पुण्यात राहून तो टाळता येत नाही). विषय आहे टॅटूची अपॉइंटमेंट. ती कशी घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घेतलेली बदलायची वेळ आली तर ती नीट कशी बदलावी.

"हा काय लिहिण्याचा विषय झाला?" असं काही जण म्हणतील. म्हणा. पण जरा आपल्या टीममध्ये नजर फिरवा. मनगटावर आईची सही, दंडावर त्रिशूळ, पोटरीवर सह्याद्रीची रांग, मानेमागे घरच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा... कोणी ना कोणी सापडेलच. ह्या प्रत्येकानं कधीतरी कोणाची तरी वेळ घेतलेली असते. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती आयत्या वेळी बदललेलीही असते.

मला हे माहीत असायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. तो हाच धंदा करतो. दोन खुर्च्यांचा छोटा स्टुडिओ आहे. एका खुर्चीवर तो, दुसरीवर त्याच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी. त्याचं बुकिंग पूर्वी वहीत असायचं. ते स्प्रेडशीटवर आणून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. (घरातल्या इंजिनिअरची प्रिंटर, वायफाय आणि स्प्रेडशीट ह्या तीन गोष्टींतून सुटका नसते.) त्या शीटमध्ये दोन रकाने आहेत, एक 'पुढे ढकलली' आणि दुसरा 'आलेच नाहीत'. हे दोन रकाने गेली दोन वर्षं बघून माझं एक मत झालं आहे, ते आज मांडतो.

मत साधं आहे. तारीख बदलण्यात गैर काही नाही. पण ती बदलण्याचा खर्च कोणीतरी भरतंच. तो आपण भरायचा की समोरच्याच्या गळ्यात घालायचा, एवढाच प्रश्न आहे. शिष्टाचार म्हणतात तो एवढाच. बाकी सगळे तपशील.

आता हा खर्च कुठून येतो ते बघू. स्लॉट हा नाशवंत माल आहे. मंडईतली कोथिंबीर जशी. सकाळी तिला भाव असतो, दुपारी मान टाकते, रात्री आठ वाजता कोणी फुकटही उचलत नाही. शनिवारी अकराचा स्लॉट तुम्ही आधीच्या शनिवारी सोडलात तर तो दुसऱ्या कोणाला तरी नक्की विकला जातो. गुरुवारी सोडलात तर फोनाफोनी करून कदाचित जातो. शनिवारी सकाळी साडेदहाला सोडलात तर त्याची किंमत शून्य. निरोप तोच, शब्द तेच, 'सॉरी' पण तेवढंच. फरक फक्त वेळेचा, आणि तो फरक रुपयात मोजता येतो.

समजा एका खुर्चीचे आठवड्यात दहा स्लॉट आहेत. गिऱ्हाईक बहुतेक नोकरदार, म्हणजे शनिवार-रविवारचे चारच स्लॉट खरे सोन्याचे. त्यातला एक रिकामा गेला तर आठवड्याचा दहावा हिस्सा गेला आणि सोन्याचा चौथा. जागेचं भाडं मात्र पूर्ण द्यायचं. विजेचं बिल, हाताखालच्या मुलीचे पैसे, सगळं पूर्ण. आपल्याला आजारपणाची रजा मिळते, त्याला मिळत नाही, आणि वर आपल्या आजारपणाचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात!

बरं, नुसते ते दोन-तीन तासच जातात का? तेही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की माणूस आला, बसला, मशीन सुरू झालं, झालं काम. प्रत्यक्षात खुर्चीत बसण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. तुम्ही इन्स्टाग्रामवरचे सात फोटो पाठवता आणि म्हणता, "ह्याच्यातलं थोडं, त्याच्यातलं थोडं, पण माझं वेगळं पाहिजे." त्यावरून तो रात्री बसून चित्र काढतो. तुमच्या दंडाच्या मापात ते बसवतो. कारण कागदावर सरळ दिसणारी रेघ दंडाच्या गोलाईवर वाकडी दिसते. मग त्याची स्टेन्सिल काढतो. सकाळी खुर्ची पुसून निर्जंतुक करायची, तिला प्लास्टिक गुंडाळायचं, मशीनच्या वायरलाही आवरण घालायचं. सुया एकदाच वापरायच्या असतात, शाई इवल्याशा वाट्यांमध्ये काढतात आणि उरलेली फेकून देतात. हे सगळं तुमच्या नावानं झालेलं असतं, आणि तुम्ही व्हॉट्सऍपवर लिहिता, "आज नको, पुढच्या आठवड्यात बघू."

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. माझ्या पणजीच्या कपाळावर आणि हातावर गोंदण होतं. तिनं कोणाची अपॉइंटमेंट घेतली नव्हती. गोंदणारी बाई जत्रेत बसायची, नाहीतर गावात यायची. नमुने ठरलेले. ठिपके, तुळशीवृंदावन, नाव. नंबर लागला की हात पुढे करायचा आणि दात आवळून बसायचं. तुम्ही उठून गेलात तर मागची पुढे सरकायची, गोंदणारीचं काही बिघडायचं नाही. आजही जत्रांमध्ये मशीन घेऊन बसलेले लोक असेच नावं गोंदून देतात.

बदललं काय, तर चित्र. १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं विजेवर चालणाऱ्या गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना एडिसनच्या विजेच्या पेनावरून सुचलेली. तेव्हापासून सुई वेगानं चालायला लागली. पण चित्र काढायला लागणारा वेळ कुठल्याच मशीननं कमी केला नाही. आणि आपल्याला तर आता फक्त आपल्यासाठीच काढलेलं चित्र हवं असतं. म्हणून आगाऊ वेळ ठरवणं आलं. वेगळं हवं असेल तर वाट बघावी लागते, आणि वाट बघायला लावल्यावर दिलेला शब्दही पाळावा लागतो. दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतं.

मग आपण आयटीवाले इथे चुकतो का? माझ्या मते आपली सवय नडते. आपण दिवसभर मीटिंगा सरकवत असतो. कॅलेंडरमधला निळा चौकोन माउसनं धरायचा, दोन दिवस पुढे ओढून सोडायचा, 'अपडेट पाठवा' म्हणायचं, संपलं. आठजणांची मीटिंग सरकली तरी कोणाचा पगार कापला जात नाही. उलट निम्मे लोक मनातल्या मनात दुवा देतात. :-) रोज हे केल्यावर आपल्याला वाटायला लागतं की वेळ म्हणजे निळा चौकोनच, ओढला की सरकतो. पण महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याची वेळ आणि स्लॉटवर जगणाऱ्याची वेळ ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपली सरकते. त्याची सांडते.

ह्यावर दुसरे धंदे काय करतात? विमान कंपन्यांना माहीत असतं की काही प्रवासी येणारच नाहीत, म्हणून त्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. डॉक्टर एकाच वेळेला तिघांना बोलावतात आणि आपण बाहेर जुनी मासिकं चाळत बसतो. टॅटूवाल्याला हे दोन्ही करता येत नाही. एका खुर्चीत एकच दंड मावतो. दोघांना बोलावलं आणि दोघंही आले तर एकाला तीन तास बसवून ठेवायचं? म्हणून त्याच्याकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे डिपॉझिट.

आणि डिपॉझिट म्हटलं की आपले लोक बिथरतात. "काम व्हायच्या आधी पैसे कसले?" किंवा "मी आलोच नाही, मग पैसे कशाचे कापले?" अहो, आपल्या भाषेत ह्याला इतका जुना आणि चपखल शब्द आहे, इसार. घराचा व्यवहार करताना इसार देतो. बँडवाल्याला सुपारी देतो. मंगल कार्यालयाला ऍडव्हान्स देतो. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कार्यालयाला फोन करून "तारीख जरा पुढे ढकलू या का" म्हणायची छाती आहे का कोणाची? ते पैसे गेले तर आपण नशिबाला बोल लावतो, कार्यालयवाल्याला नाही. मग गल्लीतल्या पोराच्या दोन हजारांसाठीच एवढा वाद का? मला ह्याचं एकच उत्तर दिसतं. कार्यालय मोठं असतं आणि पोरगा लहान असतो. मोठ्यापुढे आपण नियम पाळतो, लहानापुढे आपल्याला सवलत पाहिजे असते. हे काही बरं लक्षण नव्हे.

कायद्याची बाजूही अगदी एकतर्फी नाही, बरं का. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत भरपाई वाजवी असावी लागते. म्हणजे कोणी पूर्ण कामाचे पैसे आधी घेऊन "तारीख बदलली, सगळे बुडाले" म्हणत असेल तर त्यावर भांडायला जागा आहे. पण एका स्लॉटच्या तोट्याएवढं, आधी स्पष्ट सांगून घेतलेलं डिपॉझिट ही लूट नाही. साधा हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. काही वेळा तारीख बदलणं हे तुमचं कर्तव्यच असतं. शब्द दिलाय म्हणून ओढूनताणून जाऊ नका. कधी बदलायची, ते एकदा लिहूनच टाकतो.

१. ताप, खोकला, पोट बिघडणं, कसलाही संसर्ग. तुम्ही आणि तो तीन तास एकमेकांपासून हातभर अंतरावर असणार आहात. शिवाय आजारी शरीराला नवी जखम भरून काढायचं काम कशाला द्यायचं?

२. ज्या जागी काढायचं आहे तिथे पुरळ, जखम किंवा उन्हानं भाजलेली कातडी. रविवारी भर उन्हात राजगड करून येऊन सोमवारी लालबुंद दंड पुढे केलात तर कुठलाही शहाणा माणूस परत पाठवेल. आणि तो स्लॉट तुमच्यामुळेच बुडालेला असेल.

३. आदल्या रात्रीची पार्टी. दारू पिऊन किंवा हँगओव्हर घेऊन जाऊ नये. पण इथे बदलायची ती पार्टी, अपॉइंटमेंट नव्हे!

४. औषधं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल, मधुमेह असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि आधी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर काम पुढेच ढकलावं.

५. पाळीच्या दिवसांत फार त्रास होत असेल तर तारीख बदलून मागायला अजिबात संकोच करू नका. "तब्येत ठीक नाही" एवढं पुरतं. कारण विचारणारा आर्टिस्ट असेल तर आर्टिस्टच बदला.

ह्यातल्या पहिल्या कारणाची वेळ कोणाच्या हातात नसते. ताप काय अठ्ठेचाळीस तास आधी नोटीस देऊन येत नाही. पण बाकीच्या बऱ्याच गोष्टी कॅलेंडर बघितलं की आधीच दिसतात. भावाकडे दरवर्षी हमखास येणारं कारण सांगतो, "अरे, पितृपक्ष आहे, आई नको म्हणते." आईचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, तिचा मान ठेवलात हे चांगलंच. पण कालनिर्णय १९७३ पासून निघतंय हो! पितृपक्ष कधी आहे हे जानेवारीतच स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं असतं. बुकिंग करताना एकदा तिकडे बघायला काय होतं?

तीच गोष्ट बाकीच्या सणांची. ताज्या टॅटूची वरची कातडी भरून यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पोहायचं नाही, ऊन टाळायचं, घासलं जाऊ द्यायचं नाही. म्हणजे होळी-रंगपंचमीच्या आधीचा आठवडा बाद. गोव्याचं बुकिंग असेल तर समुद्राच्या आधीचा महिना बाद. आणि ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीच्या तोंडावर कमरेवर किंवा बरगडीवर टॅटू म्हणजे वेडेपणाच. तिथेच ढोल बांधणार आणि तिथेच तो घासणार. नेहमी रक्तदान करत असाल तर आणखी एक हिशेब आहे. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. तेव्हा आधी शिबिर, मग सुई.

मोठं काम दोन-तीन बैठकांचं असेल तर हा हिशेब आणखी लांबतो. पहिली बैठक भरून आल्याशिवाय त्याच जागी दुसरी करता येत नाही. पहिली दोन आठवडे सरकवलीत की मागच्या सगळ्या सरकल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर एका टास्कवर तीन टास्क अवलंबून आहेत. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये हे आपल्याला लगेच दिसतं, स्वतःच्या दंडाबाबत मात्र दिसत नाही.

बरं, तारीख बदलायचीच आहे असं ठरलं. मग कसं कळवायचं?

पहिलं म्हणजे कळल्याक्षणी कळवायचं. 'उद्या सकाळी बघू कसं वाटतंय' ह्या आशेवर बसायचं नाही. शंका असेल तर शंका कळवायची. "परवाचं पन्नास टक्के वाटतंय, आज रात्री नक्की सांगतो" एवढा निरोपसुद्धा सोन्यासारखा असतो. तो लगेच वेटिंगवाल्या कोणाला तरी सावध करून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी अठ्ठेचाळीस तासांचा नियम असतो. पण नियम म्हणजे शेवटची लोकल. तीच पकडली पाहिजे असं कुठे आहे?

दुसरं, गोष्ट थोडक्यात आणि खरी सांगायची. मावशीच्या दिरांच्या ऑपरेशनची कहाणी नको. भाऊ म्हणतो, "दादा, ज्याचं कारण पाच ओळींचं असतं त्याच्या स्टेटसवर संध्याकाळी लोणावळा दिसतं." निरोप साधा असावा. "शनिवारी ११ ची वेळ मला रद्द करावी लागतेय. ताप आहे. डिपॉझिटबाबत तुमचा जो नियम असेल तो मान्य. पुढच्या तीन शनिवारांपैकी कुठलाही चालेल." ह्यात सगळं आलं. शेवटचं वाक्य विसरू नका. तारखा तुम्ही सुचवा, त्याला पुन्हा दहा मेसेज करायला लावू नका.

तिसरं, आयत्या वेळी बदलत असाल तर नवीन डिपॉझिट स्वतःहून पाठवा. जीपेला तीस सेकंद लागतात. नियमात बसत असो वा नसो. "माझ्यामुळे तुमची दुपार गेली" हे तोंडानं म्हणण्यापेक्षा हे जास्त ऐकू जातं.

चौथं, चित्र घेऊन पसार होऊ नका. रद्द केल्यावर "निदान डिझाइन तरी पाठव" म्हणायचं आणि तेच दुसरीकडे स्वस्तात काढून घ्यायचं, ह्याला सभ्य शब्द मला तरी माहीत नाही. चित्राचे पैसे वेगळे द्या आणि खुशाल न्या.

पाचवं, उशीर हीसुद्धा तारीख बदलण्याचीच एक जात आहे. हिंजवडीहून निघताना "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा माणूस चाळीस मिनिटांनी येतो (बघा, आलाच ट्रॅफिक). तीन तासांच्या कामातली चाळीस मिनिटं गेली की ती नंतरच्या गिऱ्हाइकाच्या वेळेतून वसूल होतात. तेच आयत्या वेळी "मनगटाऐवजी पूर्ण हात करू या का?" म्हणणाऱ्याचं. त्यानं स्वतःची तारीख बदलली नाही, दुसऱ्याची बदलली.

आता तुम्ही म्हणाल, सगळे नियम गिऱ्हाइकालाच? मुळीच नाही. आर्टिस्टनाही नियम हवेतच, आणि ते तेवढेच कडक हवेत. मला स्वतःला एका स्टुडिओनं (नाव घेत नाही) तीनदा तारीख बदलून दिली होती. तिसऱ्यांदा तर मी दारात उभा होतो. सुट्टी टाकलेली, पोटभर जेवून आलेलो, आणि काउंटरवरचा मुलगा सांगतो, "सर आज येणार नाहीत, तुम्हाला फोन आला नाही का?" फोन आला नव्हता. डिपॉझिट परत मागितलं तर नियमात बसत नाही म्हणाले. म्हणजे मी बदलली तर पैसे त्यांचे आणि त्यांनी बदलली तरी पैसे त्यांचेच! हा इसार नव्हे, हा एकतर्फी टोल झाला.

तेव्हा स्टुडिओवाल्यांनो, तुमच्यासाठी तीन ओळी. नियम पैसे घेण्याआधी लिहून पाठवा, नंतर नाही. तुम्ही तारीख बदललीत तर डिपॉझिट परत द्या किंवा गिऱ्हाईक म्हणेल ती पुढची तारीख द्या. आणि खरोखरच्या तापाला, खरोखरच्या मयतीला एकदा तरी सूट द्या. नियम माणसांसाठी असतो. भावाच्या स्टुडिओत पहिल्यांदा बदललेली तारीख वेळेत कळवली असेल तर डिपॉझिट पुढे नेतात, दुसऱ्यांदाही वेळेत असेल तर पुन्हा नेतात, आयत्या वेळी बदलली तर जप्त. आजारपणात मात्र तो फोनवर आवाज ऐकून ठरवतो. चुकतोही कधीकधी. पण मला हे आवडतं.

"पण एवढं काय मोठंसं नुकसान होतं? दोन-तीन हजारांचा तर प्रश्न," असा एक आक्षेप उरतोच. ह्याचं उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी मंगळवारी भावाकडे आली. सोमवारी रात्रीच्या विमानानं ती जर्मनीला निघणार होती, नोकरी लागली होती. तिची आजी वर्षभरापूर्वी गेली. आजीच्या हातावरचं गोंदण तिला तसंच्या तसं आपल्या हातावर हवं होतं. पाच ठिपके आणि एक वृंदावन. फोटो मोबाइलवर होता. काम तासा-दीड तासाचं. बुधवार ते शुक्रवार ती आईकडे साताऱ्याला जाणार होती, म्हणजे शनिवार किंवा रविवारच जमणार. भावानं शीट बघितलं. दोन्ही खुर्च्या, दोन्ही दिवस, गच्च भरलेले. "ताई, कोणी रद्द केलं तर लगेच फोन करतो," म्हणाला. फोटो मात्र ठेवून घेतला, आणि बुधवारी रात्री स्टेन्सिलसुद्धा काढून ठेवली. न जाणो, लागलीच तर.

शनिवारी अकराचा स्लॉट होता. दहा चाळीसला मेसेज आला. "ब्रो, काल खूप लेट झाला. नेक्स्ट वीक करू?"

भावानं ताबडतोब तिला फोन केला. ती साताऱ्यालाच होती. इथे काम होत नाही म्हटल्यावर आईजवळ एक दिवस जास्त राहावं म्हणून थांबली होती. रविवारी रात्री येणार, सोमवारी विमान. "गुरुवारी-शुक्रवारी कळलं असतं तर आले असते हो दादा," म्हणाली. चिडली नाही. उलट ह्यालाच आभार मानून फोन ठेवला.

त्या ब्रोचं डिपॉझिट जप्त झालं. म्हणजे भावाचा तोटा काही प्रमाणात भरून निघाला. हिशेबाच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. पण ती मुलगी कुठल्याच हिशेबात नाही. आयत्या वेळी सोडलेल्या स्लॉटमध्ये फक्त दोन माणसं नसतात, वाट बघणारा एक तिसराही असतो. तो आपल्याला कधीच दिसत नाही आणि त्याचं जे गेलं ते कुठल्याही डिपॉझिटमधून परत येत नाही. त्या ब्रोला झोप झाली नव्हती, मान्य. पण आपण उशिरा झोपणार हे त्याला शुक्रवारी रात्री अकरालासुद्धा कळलंच असेल की! तेव्हा निरोप टाकला असता तरी साताऱ्याहून पुण्याला सकाळची एसटी होती.

म्हणून म्हणतो, दोन-तीन हजारांचा प्रश्न नाही हा. आणि खरं तर टॅटूपुरताही नाही. लग्नाच्या मेंदीवाल्या ताई, ब्लाउज शिवणाऱ्या काकू, घरी येऊन पियानो शिकवणारे सर, फोटोग्राफर, फर्निचर करणारे सुतारकाका, हे सगळे स्लॉटवर जगतात. आपल्यासारख्या पगारदारांची संख्या वाढली तशी ह्यांची गिऱ्हाइकंही वाढली, पण सरकवायची सवय आपण ऑफिसातून घरी घेऊन आलो.

भावाच्या शीटमध्ये मी गेल्या महिन्यात एक तिसरा रकाना घातलाय, 'वेळेत कळवलं'. कल्पना त्याचीच. कोणी आधी कळवून तारीख सोडली की तिथे खूण करायची, आणि पुढे कधी चांगला स्लॉट रिकामा झाला की पहिला फोन त्या लोकांना करायचा. काही डिस्काउंट वगैरे नाही, फक्त पहिला फोन. आत्तापर्यंत त्या रकान्यात अकरा नावं आहेत. तुमची पुढची अपॉइंटमेंट कुठेही असो, तिथे असा एखादा रकाना बहुधा असतोच. शीटमध्ये नसला तरी समोरच्याच्या डोक्यात असतो.

बघा पटतंय का.